ताप मोजला, तहान राहून गेली

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका आजींचे चार पानी पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा :

‘माझी नात साडेपाच वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात तिला आठ वेळा सर्दी-ताप झाला. आमच्याच मल्टीतल्या एका मुलाचा ताप सात दिवस उतरला नाही, शेवटी त्याला कावासाकी नावाचा आजार निघाला आणि हृदयाची सोनोग्राफी करावी लागली. तेव्हापासून नातीला जरा कणकण आली, की सून मोबाइल घेऊन बसते, रात्रभर वाचते आणि सकाळी रडते. मी म्हणते, मुले आजारी पडत पडतच मोठी होतात. ती म्हणते, आई, तुमच्या वेळी हे आजार कुणाला ठाऊक नव्हते. साधे दुखणे कोणते आणि दुर्मीळ कोणते, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचे कसे? सध्या नातीला ताप नाही, तशी ती बरी आहे. फक्त उन्हाळ्यामुळे पाणी फार पिते, रात्री उठून बाटली मागते, आणि अडीच वर्षांपूर्वी सुटलेली अंथरूण ओले करायची सवय पुन्हा लागली आहे. उन्हाळी लागली असेल म्हणून मी धने-जिऱ्याचे पाणी देते आहे. थोडी सुकली आहे, पण या दिवसांत मुले जेवतात कुठे?’

सप्रेम नमस्कार.

या सदरातले उत्तर वाचकापर्यंत पोहोचायला दोन-तीन आठवडे सहज जातात. तुमच्या पत्राच्या बाबतीत तेवढे थांबणे मला योग्य वाटले नाही, म्हणून पत्राखालच्या क्रमांकावर मी त्याच संध्याकाळी फोन केला. पुढे काय घडले ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या आणि सूनबाईंच्या परवानगीने ते इतरांसाठी इथे लिहितो. नातीला आपण चिमी म्हणू.

चार पानांपैकी साडेतीन पाने तापाची होती. माझे लक्ष अडकले ते शेवटच्या चार ओळींत, ज्या तुम्ही ‘तशी ती बरी आहे’ असे म्हणून लिहिल्या होत्या. फोनवर मी तीनच प्रश्न विचारले. चिमी रात्री किती वेळा उठते, या प्रश्नाला तुम्ही ‘तीनदा, कधी चारदा’ असे उत्तर दिलेत. कपडे सैल झाले आहेत का, असे विचारल्यावर तुम्ही म्हणालात, की दिवाळीत घेतलेल्या परकराची नाडी आता दोन बोटे जास्त ओढावी लागते. तिसरा प्रश्न थोडा विचित्र होता : ती लघवी करते तिथे मुंग्या येतात का? तुम्ही क्षणभर गप्प झालात आणि मग म्हणालात, ‘अहो, परवाच मी मोरीत मुंग्यांचा खडू ओढला.’

त्यानंतर मी तुम्हाला सकाळची वाट पाहू दिली नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे बोटाच्या थेंबावर साखर तपासली, ती ४३८ निघाली. तासाभरात चिमी रुग्णालयात होती; लघवीत कीटोन (साखर वापरता न आल्याने शरीर चरबी जाळते, तेव्हा तयार होणारी आम्ले) होते, पण रक्त अजून आम्लधर्मी झालेले नव्हते, म्हणून तिला अतिदक्षता विभागाची गरज पडली नाही. आणखी तीन-चार दिवस ती धने-जिऱ्याच्या पाण्यावर राहिली असती, तर हे उत्तर मला वेगळ्या शब्दांत लिहावे लागले असते.

चिमीला टाइप-१ मधुमेह झाला आहे. घरातल्या आजोबांना असतो तो मधुमेह हा नव्हे. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, आणि इन्सुलिन नसले की रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात. साखर साधारण १८० च्या वर गेली, की मूत्रपिंडे ती लघवीवाटे सोडू लागतात आणि ती साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. आपण समजतो, की मूल पाणी जास्त पिते म्हणून लघवी जास्त होते. इथे ते नेमके उलटे असते. आधी लघवीतून पाणी जाते, मग तहान लागते. अशा मुलाला तहान लागली म्हणून सरबत किंवा ग्लुकोजचे पाणी पाजले, तर साखर आणखी चढते आणि तहानही वाढते. आपल्या जुन्या वैद्यांनी लघवीकडे मुंग्या जाण्याचे लक्षण लिहून ठेवले होते, ‘मधुमेह’ हा शब्दही त्यांचाच. आपण मात्र मुंग्या दिसल्या की खडू शोधतो.

हा आजार ओळखायचा राहून जातो, कारण त्याच्या प्रत्येक लक्षणाला घरात एक तयार कारण असते. तहान लागते ती वैशाखातल्या उन्हामुळे, अंथरूण ओले होते ते नव्या शाळेच्या भीतीमुळे, वजन घटते ते न जेवल्यामुळे आणि चिडचिड होते ती लाडामुळे, असे आपण मानतो. एकेक कारण पटण्यासारखे असते, पण ती सगळी तीन आठवड्यांच्या आत एकदम लागू पडू लागली, की त्यांच्यावर विश्वास ठेवणे सोडावे. विशेषतः एकदा सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आली, तर त्या मुलाची साखर त्याच दिवशी तपासावी, असा माझा हट्टच आहे. तपासणीला थेंबभर रक्त आणि एक मिनिट लागते. अशी लक्षणे असताना कोणत्याही वेळेची साखर २०० किंवा अधिक आली, तर निदानासाठी तेवढे पुरते. ‘उद्या उपाशीपोटी पुन्हा करू’ म्हणून एक दिवस घालवू नये.

वेळ गेली, की चित्र पालटते. मूल उलट्या करू लागते, पोट दुखते, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो आणि मूल गुंगीत जाते. व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी अशा एका तीन वर्षांच्या मुलाचा श्वास पाहून मी न्यूमोनिया समजलो होतो आणि रात्रभर त्याला प्रतिजैविके देत बसलो होतो. छाती तपासली तेव्हा आत काहीच आवाज नव्हता, आणि तेच मला खटकायला हवे होते. मूल वाचले, पण त्याचे श्रेय माझे नाही; सकाळी आलेल्या वरिष्ठांनी त्याच्या तोंडाजवळ नाक नेले आणि एका क्षणात निदान केले.

फोनवर सूनबाईंचा आवाज रडवेला होता आणि मागून कुणीतरी ‘दर रविवारी पोहे-जिलबी, वरून चॉकलेटे’ असे म्हणाल्याचे मला ऐकू आले. ते वाक्य घरात पुन्हा उच्चारले जाऊ नये. टाइप-१ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या हयगयीने होत नाही, एकापासून दुसऱ्याला लागत नाही. आणि बहुतेक मुलांच्या घरात तो आधी कुणालाच नसतो. ‘मुलीची जात आहे, बाहेर बोलू नका’ असेही तुम्हाला कुणी सुचवले आहे म्हणे. वर्गशिक्षिकेला, शाळेच्या रिक्षावाल्या काकांना आणि शेजारच्या घराला हे माहीत असलेच पाहिजे, कारण चिमीची साखर अचानक उतरली, तर त्या वेळी तिच्याजवळ असलेल्या माणसालाच मदत करायची आहे.

आता घरातल्या व्यवस्थेविषयी. चिमीला इन्सुलिन आयुष्यभर घ्यावे लागेल. याला गोळ्या नाहीत. हे ऐकायला कठोर वाटते, पण टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळे करेपर्यंत अशी मुले निदानानंतर थोड्याच काळात जात असत, आणि जानेवारी १९२२ मध्ये ज्या पहिल्या रुग्णाला ते टोचले, तो चौदा वर्षांचा मुलगाच होता. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला टेकून नव्हे; एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी झालेले असते. चालू असलेले इन्सुलिनचे पेन (पेनासारखे टोचायचे साधन) बाहेर राहू शकते, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो तेव्हा खोलीचे तापमान हे काही विश्वासाचे तापमान नव्हे. वीज वारंवार जात असेल तर पेन प्लास्टिकच्या डब्यात घालून तो डबा पाण्याच्या मडक्यात किंवा ओल्या मातीच्या भांड्यात ठेवावा; हा उपाय गरिबांचा म्हणून हिणवू नये, तो उत्तम चालतो. पार्क केलेल्या गाडीत ते पाच मिनिटेसुद्धा विसरू नये.

साखर ७० च्या खाली गेली, की मूल घामाघूम होते, हातपाय थरथरतात, चेहरा उतरतो, किंवा ते विनाकारण चिडते आणि लगेच खायला मागते. अशा वेळी एक ते दोन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. चॉकलेट किंवा बिस्कीट देऊ नये. त्यातल्या स्निग्धामुळे साखर चढायला उशीर लागतो. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवून थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉनचे, म्हणजे साखर वाढवणारे, इंजेक्शन घरी ठेवायला दिले असेल, तर निघण्यापूर्वी ते द्यावे.

एका गोष्टीविषयी मात्र मी तुम्हाला आधीच बजावून ठेवतो, कारण चांगली शिकलेली घरेही इथे फसतात. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच मुलांची इन्सुलिनची गरज एकदम कमी होते. शिल्लक राहिलेल्या थोड्या पेशींना विसावा मिळतो आणि त्या पुन्हा काम करू लागतात. डोस इतका खाली येतो, की घरच्यांना आजार गेल्यासारखा वाटतो. नेमक्या याच सुमारास कुणीतरी नातेवाईक उज्जैनच्या किंवा देवासच्या वैद्याचा पत्ता आणतो, पुडी सुरू होते, साखर चांगली येत राहते आणि श्रेय पुडीला जाते. हा काळ काही महिन्यांनी, फार तर वर्षा-दोन वर्षांनी संपतो. त्या भरवशावर ज्यांनी इन्सुलिन बंद केले, ती मुले मला पुढे अतिदक्षता विभागात भेटली आहेत. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, वहीतले आकडे पाहून; पूर्ण बंद मात्र कधीच करायचा नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण तोही खरा आहे. शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा, कधी दहा वेळाही सर्दी-खोकला होणे हे रोगाचे लक्षण नाही. दोन आजारांच्या मधल्या काळात मूल हुंदडते, जेवते आणि वजनात भर घालते आहे, एवढे पाहावे. या बाबतीत सूनबाईंपेक्षा तुमचे म्हणणे बरोबर होते. वर्षात दोनदा न्यूमोनिया होणे, वारंवार खोल गळवे येणे किंवा वजनाचा काटा महिनोन्‌महिने न हलणे, हे मात्र वेगळे. तिथे प्रतिकारशक्तीची तपासणी करावी लागते. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, तर ‘बघू या’ हा शब्द वापरूच नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

शेजारच्या मुलाला झालेला आजार जपानचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी पहिल्यांदा १९६१ मध्ये पाहिला आणि १९६७ मध्ये पन्नास मुलांची निरीक्षणे छापून जगासमोर मांडला. तो बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. त्याची ओळख तापाच्या आकड्यावरून नव्हे, दिवसांवरून होते. साधा विषाणूचा ताप बहुधा तीन-चार दिवसांत उतरणीला लागतो. इथे तो पाच दिवस आणि पुढेही तसाच चढा राहतो, आणि त्याच्या सोबतीला डोळे लाल होतात पण चिपडे येत नाहीत, ओठ लाल होऊन फुटतात, जीभ स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार दिसते, अंगावर पुरळ उठते, तळहात-तळपाय सुजतात, मानेत एका बाजूला गाठ येते. ही सगळी लक्षणे एकाच दिवशी हजर नसतात. एक येते तोवर दुसरे मावळलेले असते, म्हणून रोज मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. वाचण्यापेक्षा मोबाइलचा हा उपयोग सूनबाईंनी अवश्य करावा. तान्ह्या आणि लहान मुलांच्या दंडावर बीसीजीच्या लसीची जुनी खूण असते, ती या आजारात कधी कधी पुन्हा लाल होऊन सुजते. घरच्यांना सहज दिसणारी ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगावी. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) दिले, तर हृदयाच्या धमन्या फुगण्याची शक्यता चौघांत एकावरून साधारण पंचविसांत एकावर येते. म्हणून तापाचा पाचवा दिवस हा तुमच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवण्याचा दिवस आहे. त्याआधी रात्री जागून शोधण्यासारखे त्यात काही नाही.

तापाच्या औषधाबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण दुर्मीळ आजारांपेक्षा या चुकीने अधिक मुलांना त्रास झालेला मी पाहिला आहे. पॅरासिटामॉलचे सिरप दोन ताकदींत मिळते : पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम आणि पाच मिलिलिटरला २५०. मात्रा दर किलो वजनाला साधारण १५ मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला २२५. पहिल्या बाटलीतून ती नऊ मिलिलिटरच्या किंचित वर होते, दुसऱ्या बाटलीतून साडेचार. घरात जुनी बाटली संपते, बाबा नवी आणतात, खोके सारख्याच रंगाचे असते आणि ‘नऊ मिली’ हा आकडा तोंडपाठ असतो. मुलाला दुप्पट औषध जाते. दोन डोसांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस देऊ नयेत. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यावर आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी ते मोठ्यांचे म्हणून घरात पडलेले असते, तेव्हा चुकून हात जाईल असे ठेवू नये. तापात ॲस्पिरिन स्वतःहून कधीही देऊ नये. खोकल्याच्या औषधांबद्दल मी काही सांगावे असे उरलेले नाही. २०२५ मध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाड्यात दूषित सिरपाने मुले दगावली, ते तुम्ही वाचले आहे. लहान मुलाचा साधा खोकला त्या बाटलीवाचून बरा होतो.

तुमच्या पत्रामुळे मला आणखी एक सुचले. काही दुर्मीळ आजार असे आहेत, की ते आधी यंत्राला दिसत नाहीत, घरच्या माणसाला दिसतात. वाढदिवसाच्या फोटोत फ्लॅशमुळे सगळ्यांचे डोळे लाल चमकतात, पण एका मुलाचा एकच डोळा पुन्हा पुन्हा पांढरा चमकतो. तिथे मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, आणि लवकर कळले तर जीव वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचतो. बाळंतिणीच्या खोलीत काविळीचे बाळ असते, त्याला रोज कोवळ्या उन्हात धरले जाते; पण दोन आठवडे उलटले तरी पिवळेपणा गेला नाही, शी मातकट-पांढुरकी होते आणि लंगोट गडद पिवळा होतो, तर पित्तनलिका बंद असण्याचा संशय घ्यावा. त्यावरची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली, तर यशाची शक्यता अधिक असते. आमच्या पिढीतल्या आज्यांनी भक्तिभावाने दाखवलेल्या त्या कोवळ्या उन्हात यांतल्या कित्येक बाळांचे दिवस निघून गेले आहेत. आणि चार वर्षांचा मुलगा पंगतीतून उठताना गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत स्वतःवरच चढल्यासारखा उभा राहतो, पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या दिसतात. त्याला आळशी म्हणण्याआधी स्नायू झिजण्याच्या आजारासाठी रक्ततपासणी करावी. ज्यांना खर्चाची चिंता आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे, की २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत मुलांची तपासणी अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत विनामूल्य होते.

सूनबाई आणि तुमच्यातल्या वादाचा निवाडा तुम्ही मागितला नव्हता, पण पत्रात तो ओळीओळीत आहे. त्या वाचतात आणि तुम्ही पाहता. चिमीचा परकर सैल झाला, हे तुमच्या हातांना कळले होते. त्याचे नाव काय, हे बहुधा त्यांना शोधता आले असते, पण ती गोष्ट त्यांच्यापर्यंत आलीच नाही, कारण तुम्ही दोघी तापावरून भांडत होता. साखरेची वही आता दोघींनी मिळून लिहावी : सकाळचे आकडे एकीने, संध्याकाळचे दुसरीने.

रुग्णालयातून निघताना तुम्ही विचारलेत, की अक्षय तृतीयेला घरात आमरस होणार, तो चिमीच्या पानात वाढायचा की नाही. वाढायचा. साखर न घालता काढलेल्या शंभर ग्रॅम रसात साधारण पंधरा ग्रॅम कर्बोदके असतात. तेवढी तिच्या पोळीतून किंवा भातातून कमी करा, किंवा डॉक्टरांनी शिकवलेल्या हिशेबाने जेवणाआधीचे इन्सुलिन वाढवा. रस जेवणाबरोबरच द्या, दुपारी वेगळा नको. आणि एकदा वजनकाट्यावर मोजून घेतलेली वाटी तिची म्हणून बाजूला ठेवा. पाहुणे आले तरी त्या दिवशी ती वाटी दुसऱ्या कुणाच्या पानात जाऊ देऊ नका.